घरासमोर उभी राहिलेली शेजाऱ्यांची गाडी: बोलावे, तक्रार करावी की सोसावे?

कडुनिंबाखाली

नमस्कार. सोलापुरात विजापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका जुन्या वसाहतीत आमचे घर आहे. समोरचा रस्ता जेमतेम वीस फुटांचा असून कुंपणाच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला, वडिलांनी लावलेला कडुनिंब आहे. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, दोन घरे सोडून राहणाऱ्या काकांच्या मुलाने पुण्याहून आपली जुनी चारचाकी आणून या झाडाखाली लावली, तिच्यावर राखाडी आवरण घातले, आवरणाच्या दोऱ्या चाकांना बांधल्या आणि तो निघून गेला. त्यानंतर वैशाख गेला, पावसाळा गेला, गणपती आणि दिवाळीही झाली; गाडी बोटभरही हललेली नाही.

डाव्या बाजूची दोन्ही चाके बसली आहेत. गाडीखाली पाला साचला असून झाडणाऱ्या बाई तेवढा भाग सोडून पुढे जातात, आणि गेल्या महिन्यात तिथेच एका कुत्रीने चार पिल्ले घातली. हे सगळे मी सोसले असते; पण गाडीचे पुढचे डावे चाक नेमके आमच्या नळजोडाच्या चेंबरच्या लोखंडी झाकणावर आहे. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड आणि बहुधा अवेळी येते. हौद भरला की बाहेरची चावी बंद करावी लागते. झाकणच उघडता येत नसल्यामुळे ती पाडव्यापासून उघडी आहे, हौद भरून पाणी रस्त्यावर वाहते, आणि पहाटे फिरायला निघालेले काका मलाच म्हणतात, "अहो, पाणी किती वाया घालवता!"

काकांचे वय सत्तरीच्या पुढचे आहे. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ते तीन रात्री दवाखान्यात बसले होते, आणि त्यांच्या अक्कलकोटकडच्या शेतातून येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला, आमच्या घरी दरवर्षी भज्जी आणि आंबील येते. त्यामुळे शब्द तोंडापर्यंत येतो आणि परत जातो. त्यांना कसे सांगावे, आणि सांगूनही उपयोग झाला नाही तर कायद्याने आपला नेमका हक्क काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कडक_भाकरी

उन्हाळ्यात विचारले असते तर आवरणावर कुरडया घालण्याचा सल्ला दिला असता. आता थंडीत तोही उपयोग राहिलेला नाही.

चादरवाला

नऊ महिने थांबलात याचेच आश्चर्य वाटते. आमच्या भागात नवव्या मिनिटाला भांडण झाले असते आणि दहाव्या मिनिटाला कट्ट्यावर चहा आला असता.

निवृत्त_लिपिक

धागाकर्त्यांनी हक्काचा प्रश्न विचारला आहे, म्हणून आधी एक कटू गोष्ट सांगतो. घरासमोरचा रस्ता घरमालकाचा नसतो. तो सार्वजनिक असतो आणि महानगरपालिकेच्या ताब्यात असतो. भिंतीसमोरच्या जागेवर आपला जितका हक्क, तितकाच तो रस्त्याने जाणाऱ्या कोणाचाही असतो. फाटकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. केंद्र शासनाची 1989 ची रस्ता-नियमावली आणि तिच्या जागी आलेली 2017 ची नियमावली या दोन्हींमध्ये, घराच्या प्रवेशद्वाराची वाट अडेल अशा रीतीने वाहन उभे करण्यास मनाई आहे. तेव्हा गाडी फाटकासमोर आहे की भिंतीसमोर, हा पहिला प्रश्न आहे, आणि आपल्या वर्णनावरून ती भिंतीसमोर आहे असे दिसते.

तरीही आपण निरुपाय नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 127 नुसार, सार्वजनिक जागी 10 तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले वा विनाराखण ठेवलेले वाहन हलवण्याचा किंवा त्याच्या चाकाला जॅमर लावण्याचा आदेश त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि ओढून नेण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो. येथे दहा तासांच्या जागी नऊ महिने झाले आहेत. मात्र कायद्यात "देऊ शकतो" असे आहे, "दिलाच पाहिजे" असे नाही, हे चाळीस वर्षे फायली हाताळलेल्या माणसाने सांगितलेले बरे.

आणखी एक सूचना. फाटकावर रंगवलेल्या "नो पार्किंग"च्या पाटीला सार्वजनिक रस्त्यावर कायद्याचे बळ नसते. ती पाटी सक्षम अधिकाऱ्याने लावलेली असावी लागते. आपली पाटी म्हणजे विनंती समजावी.

वाकडी_वाट

चाकातील हवा सोडा असे सांगणार होतो, पण ती आधीच गेलेली दिसते. मग रात्री चार जणांनी मिळून गाडी उचलून काकांच्या दारात ठेवावी. आम्ही महाविद्यालयात असताना एका प्राध्यापकांची दुचाकी अशीच दुसऱ्या मजल्यावर नेली होती.

काळा_कोट

वाकडी_वाट यांचा सल्ला विनोद म्हणूनच घ्यावा. हवा सोडणे, काच फोडणे, रंगावर ओरखडा काढणे हे सारे भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली आगळिकीत, म्हणजे मुद्दाम नुकसान करण्याच्या गुन्ह्यात, मोडू शकते, आणि मग नऊ महिने त्रास सोसलेला माणूस एका रात्रीत आरोपी होतो. माझ्याकडे असे एक प्रकरण आले होते. गाडी अडचणीची होती यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते, वाद फक्त आरशाचा उरला होता, आणि तो आरसा कोणी तोडला हे शेवटपर्यंत ठरले नाही. दोन्ही घरांतील मुले मात्र तोपर्यंत एकाच रिक्षाने शाळेत जात होती.

सार्वजनिक वाटेत अडथळा निर्माण करण्याबद्दल याच संहितेचे कलम 285 आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत यासाठी दंडाची कमाल मर्यादा 200 रुपये होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती 5,000 रुपये आहे.

जुळे_सोलापूरची_सून

काळा_कोट यांनी सांगितलेले कलम दुधारी आहे, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या दारासमोर समोरच्या इमारतीतील एक गृहस्थ रोज गाडी लावत. सासूबाईंनी वाद न घालता, तुळस, जास्वंद आणि कोरफड लावलेल्या सिमेंटच्या सहा कुंड्या रस्त्याच्या कडेला ओळीने मांडल्या. पंधरा दिवस सगळे शांत होते. सोळाव्या दिवशी अतिक्रमण हटवणारी गाडी आली आणि कुंड्या उचलून घेऊन गेली, कारण कुंड्या म्हणजे रस्त्यावरचे अतिक्रमण. त्या वेळी त्या गृहस्थांची गाडी शेजारीच उभी होती, आणि ती वाहन असल्यामुळे तिला कोणी हात लावला नाही. सासूबाईंना गाडीपेक्षा कोरफडीचे दुःख अधिक झाले.

दगड, साखळ्या, लोखंडी तिकाटणी या गोष्टींचेही असेच होऊ शकते.

बोळातला_माणूस

इथपर्यंतची चर्चा वाचून, गाडीवाला म्हणजे गुन्हेगारच असा सूर लागलेला दिसतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. आमचे घर शुक्रवार पेठेतल्या एका बोळात आहे. आजोबांनी ते बांधले तेव्हा पुढच्या खोलीत माग होता आणि दारात सायकल आली तरी शेजारी बघायला येत. बोळाची रुंदी मी मोजली आहे. ती आठ फूट दोन इंच आहे. चारचाकी त्यात शिरते, पण शिरल्यावर तिचे दार उघडत नाही.

तीन वर्षांपूर्वी आईचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा पहाटे तिला घेऊन जायचे आणि दुपारी ग्लानीत असताना परत आणायचे, हे रिक्षाने काही महिने करून पाहिले आणि मग कर्ज काढून जुनी गाडी घेतली. ती ठेवायची कुठे? बोळाच्या तोंडाशी ज्यांची घरे आहेत, त्यांच्यापैकी कोणाच्या तरी भिंतीसमोर ती उभी करावी लागते, आणि रोज नव्या माणसाची नजर चुकवत घरी यावे लागते. मी काचेच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्यावर माझा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवला आहे आणि खाली "हाक मारल्यास पाच मिनिटांत येतो" असे लिहिले आहे. पहिल्या महिन्यात अकरा वेळा बोलावणे आले. आता येत नाही, कारण लोकांना गाडी कोणासाठी आहे हे कळले आहे.

धागाकर्त्यांच्या काकांचा पक्ष मी घेत नाही. नऊ महिने न हलणारी गाडी ही अडचण नसून आळस आहे. पण "हटवून टाका" म्हणणाऱ्यांनी गाडीमागे कोण उभे आहे, हे आधी विचारावे.

पाठीवर_पुणे

मी पुण्यात नोकरी करतो आणि माझी जुनी गाडी सोलापुरात, आईवडिलांच्या घराजवळ उभी आहे. हा धागा वाचताना घशात घास अडकला. आमच्या सोसायटीत प्रत्येक घराला एकच जागा मिळते. दुसरी गाडी घेतली की पहिलीला गावी पाठवले जाते, जसे पूर्वी जुने कपाट पाठवत. विकायला काढली तर व्यापारी सांगतो ती किंमत ऐकवत नाही, आणि वडील म्हणतात, "राहू दे, आम्हाला लागेल." त्यांना गाडी चालवता येत नाही.

धागाकर्त्यांनी काकांशी बोलण्याऐवजी थेट मुलाशी बोलावे. म्हाताऱ्या माणसाला त्यात काही करता येत नसते, फक्त ऐकून घ्यावे लागते.

चादरवाला

पाठीवर_पुणे, आपली गाडी राखाडी आवरणाखाली तर नाही ना?

पाठीवर_पुणे

निळ्या. शपथेवर सांगतो.

मिरवणुकीच्या_वाटेवर

सोलापुरात गाड्या हलत नाहीत असे कोणी म्हणू नये. आम्ही उत्तर कसब्याच्या बाजूला, सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मार्गावर राहतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी हिरेहब्बू वाड्यापासून सातही काठ्या निघतात आणि 68 लिंगांना तैलाभिषेक करायला जातात, तेव्हा वर्षभर ज्यांच्या मालकांचा पत्ता लागत नाही अशा गाड्याही आदल्या रात्री आपोआप गायब होतात. काठी पेलणाऱ्याची नजर वर असते, त्याने खाली बघून गाडी चुकवायची नसते, हे लहान मुलालाही माहीत असते. कोणी नोटीस काढत नाही, कोणी भांडत नाही. गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा, संपला की मात्र त्याच गाड्या त्याच दारांत परत येतात.

धागाकर्त्यांची वसाहत त्या मार्गावर नाही, हे त्यांचे दुर्दैव.

स्पष्टवक्ती

येळवस, कोरफड, नंदीध्वज हे सारे ठीक आहे. पण प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही साधे आहे. गाडीचा क्रमांक आणि चाक झाकणावर असल्याचे दोन बाजूंचे फोटो घ्यावेत, वाहतूक शाखेला आणि महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. महाट्रॅफिक अ‍ॅपवरूनही फोटोसह तक्रार पाठवता येते. माणूस चांगला आहे म्हणून त्याची गाडी चांगली होत नाही. उद्या गल्लीत आग लागली आणि अग्निशामक दलाच्या बंबाला वळण घेता आले नाही, तर आपण काय भज्जीची आठवण काढत बसणार आहोत?

निवृत्त_लिपिक

स्पष्टवक्ती यांचा मार्ग नियमाला धरून आहे. अर्ज करण्यापूर्वी मला धागाकर्त्यांना दोन प्रश्न विचारायचे आहेत. पहिला असा की, हौदात पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा, म्हणजे बॉल कॉक, आहे की नाही? दुसरा प्रश्न थोडा अवघड आहे. आपल्या फाटकाबाहेर वाहन चढवण्यासाठी सिमेंटचा उतार केला असेल, तर तो रस्त्यावर किती फूट आला आहे? पाहणीला येणारा कर्मचारी एकच गोष्ट पाहून परत जातो, असे माझ्या नोकरीत तरी घडले नाही.

कडुनिंबाखाली

सर्वांचे आभार. इतकी उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

बॉल कॉक आहे, पण तो दोन वर्षांपूर्वी गंजून अडकला आणि बाहेरची चावी हाताशी असल्यामुळे मी तो बदलला नाही. उतार आज सकाळी टेपने मोजला. तो रस्त्यावर दोन फूट सात इंच आला आहे. शिवाय घरावर एक मजला चढवला तेव्हाची उरलेली वाळू उताराच्या कडेला अजून आहे, हे मला मोजताना दिसले. रोज तिच्यावरून जात असूनही ती गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या नजरेत आली नव्हती.

त्यामुळे लेखी अर्जाचा विचार सध्या लांबणीवर टाकला आहे. हा भित्रेपणा आहे, हे स्पष्टवक्ती यांनी सांगण्याआधीच मान्य करतो.

स्पष्टवक्ती

भित्रेपणाच आहे. उतार अडीच फुटांचा असो की पाच फुटांचा, त्याने चाकाखालचे झाकण उघडत नाही. आपल्याकडे प्रत्येकाचे काहीतरी अडीच फूट रस्त्यावर आलेले असते आणि म्हणूनच कोणी कोणाविरुद्ध बोलत नाही.

काळा_कोट

वरील शेवटचे वाक्य मी माझ्या कार्यालयात लिहून लावणार आहे.

बोळातला_माणूस

बोलताना एक करता येईल. तक्रारीने सुरुवात न करता गाडीच्या काळजीने सुरुवात करावी, आणि ती काळजी खोटी नाही. इतके महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, बसलेल्या चाकांचे टायर एकाच जागी दबून कायमचे बिघडतात, आणि उंदीर वायरी कुरतडतात. माझ्या गाडीची वायरिंग उंदरांनी एकदा खाल्ली तेव्हा दुरुस्तीचा खर्च ऐकून मला खाली बसावे लागले होते. विम्याची आणि प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत संपली असण्याचीही शक्यता आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. गाडी जुनी असेल तर तीही तारीख पाहायला सांगावे.

जुळे_सोलापूरची_सून

पिल्लांचे काय करणार आहात? गाडी हलवताना ती चाकामागे असतील. आधी पोत्यावर घेऊन कुंपणाच्या आत ठेवा, आणि त्यांच्या आईला दिसेल अशा जागी ठेवा. नाहीतर ती पुन्हा गाडीखालीच जाऊन बसेल.

कडक_भाकरी

इतकी कलमे झाल्यावर पहिला उपयोगी सल्ला आला.

कडुनिंबाखाली

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

येळवशीला काकू नेहमीप्रमाणे डबा घेऊन आल्या. भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे होते. डबा परत द्यायला मी स्वतः गेलो आणि बोळातला_माणूस यांनी सांगितल्याप्रमाणे टायर आणि उंदीर यांच्यापासून सुरुवात केली. काकांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "तुमचं झाकण अडकलंय ना त्याच्याखाली? मला श्रावणात कळलं." मग त्यांनी जे सांगितले ते मला सुचलेच नव्हते. गाडीची किल्ली मुलासोबत पुण्याला गेली होती. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि दारे बंद. घरात कोणाला चालवता येत नाही. मुलाला दोनदा सांगितले, तो "येतो" म्हणाला, आणि तिसऱ्यांदा सांगायला त्यांना कमीपणा वाटला. आपणहून माझ्याकडे विषय काढावा तर आपल्याला काही करता येत नाही हे उघडे पडते, म्हणून ते पाण्यावरून बोलत राहिले. आम्ही दोघेही नऊ महिने एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत होतो.

पाठीवर_पुणे यांच्या सल्ल्याप्रमाणे मी काकांसमोरच मुलाला फोन लावला. तो शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने आला. शनिवारी सकाळी आवरण काढले तेव्हा वरच्या बाजूला लिंबोळ्यांचा काळपट थर चिकटलेला होता आणि बॉनेटखाली उंदराने सुतळी व चिंध्यांचे घरटे केले होते. पिल्ले आधीच पोत्यावर आत घेतली होती. गॅरेजवाल्याने चाकांत हवा भरली. पुढच्या डाव्या चाकात ती थांबेना म्हणून ते बदलले. बॅटरीने दाद दिली नाही. शेवटी गिअर काढून मुलगा, मी, गॅरेजवाला आणि रस्त्याने चाललेला दूधवाला अशा चौघांनी गाडी ढकलत काकांच्या दारापर्यंत नेली. काका पुढे चालत हाताने दिशा दाखवत होते.

झाकण मात्र गंजून बसले होते. पहारीने उघडावे लागले. आतली चावी फिरली. त्या रात्री अडीच वाजता पाणी आले, हौद भरल्यावर मी बाहेर जाऊन ती बंद केली आणि परत येऊन झोपलो. बॉल कॉकही दुसऱ्या दिवशी बदलला.

गाडी सध्या काकांच्या भिंतीसमोर आहे. ती विकण्याचे ठरले आहे असे मुलगा म्हणाला. काका त्या वेळी दुसरीकडे पाहत होते.

एक गोष्ट राहिली. गाडी ढकलताना ती आमच्या उताराच्या टोकाला अडली आणि तिला रस्त्याच्या मधोमध घेऊन वळवावे लागले. काका काही बोलले नाहीत, फक्त चपलेच्या टोकाने उताराची कड एकदा दाबून पाहिली. वाळू मी त्याच दिवशी पोत्यांत भरून आत घेतली. उतार दोन फुटांनी मागे घेऊन, गाडी चढेल असा, नव्याने करून देणारा चांगला गवंडी कोणाच्या माहितीत असल्यास कृपया सांगावे.

चादरवाला

आमच्या ओळखीचा आहे, हाताला चोख आहे. क्रमांक व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. मात्र त्याचा टेम्पो दिवसभर आपल्या दारासमोर उभा राहील.